थकल्या पावलांचे राजापूर

तीर्थाकडे माणसाने चालत जावे, असा सर्वसाधारण रिवाज आहे. राजापूरची गंगा या रिवाजाला अपवाद आहे. आख्यायिका अशी की, गंगाजी साळुंखे नावाचा एक शेतकरी दरवर्षी नेमाने तीर्थयात्रेला जात असे. पुढे वय झाले, पाय थकले आणि यात्रा घडेना. त्याचे त्याला फार दुःख झाले. तेव्हा त्याच्याच शेतात, वडाच्या झाडाखाली, गंगा प्रकट झाली. राजापूर शहरापासून तीनेक किलोमीटरवर उन्हाळे नावाचे गाव आहे. तेथील गंगातीर्थाची कथा ही अशी सांगितली जाते.

असे गंगाजी आज आपल्या अनेक घरांत आहेत. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू असते, रात्री दोनदा उठावे लागते. आणि मनात एखाद्या ठिकाणी जाऊन येण्याची जुनी इच्छा असते. घरातील माणसे प्रेमानेच म्हणतात, ‘पुढच्या खेपेला जाऊ.’ पुढची खेप मात्र लांबत जाते.

मी इतिहासाची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. कोकणातील जुन्या बंदरांवरील दोन दिवसांच्या परिषदेसाठी हिवाळ्यात राजापूरच्या एका महाविद्यालयात जाण्याचा योग आला. परिषदेच्या आधीचा एक दिवस आणि नंतरचा एक दिवस आम्हा तिघी वर्गमैत्रिणींच्या हाती मोकळा होता. घरी माझी ७८ वर्षांची आजी आहे. गंगेला जाण्याचा तिचा संकल्प माझ्या लहानपणापासून मी ऐकत आले आहे. म्हणून निबंधाच्या टिपणवहीतच मी दुसरे एक टिपण ठेवले : आजीला येथे आणायचे झाले तर काय काय पाहावे लागेल? या लेखाचा आधार तेच टिपण आहे.

नदीकाठचे गाव

राजापूर रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात, मुंबई–गोवा महामार्गावर आहे. सह्याद्रीतून येणारी अर्जुना नदी आणि तिला येथे मिळणारी कोदवली यांच्या काठी, डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत हे गाव वसले आहे. पावसाळ्यात दोन्ही नद्या फुगल्या की बाजारपेठेतील जवाहर चौकात पुराचे पाणी शिरते. ज्येष्ठांसह येणाऱ्यांनी जुलै–ऑगस्ट टाळावा, याचे हे पहिले कारण.

आज गावात फिरताना खरे वाटत नाही, परंतु एके काळी खाडीतून गलबते थेट येथवर येत. घाटावरचा माल येथे उतरे आणि समुद्रापार जाई. म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रजांनी येथे वखार घातली. १६६० मध्ये पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रजांनी तोफांसह जाऊन गडावर मारा केला. त्याचा जाब शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये विचारला. राजापूर ताब्यात घेऊन त्यांनी वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टन व त्याच्या सोबत्यांना कैद केले. त्यांची सुटका १६६३ मध्ये झाली. पुढे खाडी गाळाने भरत गेली आणि गलबतांचा राबता खाडीच्या मुखाशी असलेल्या जैतापूरकडे सरकला.

जुन्या बाजारातून फिरण्यास सकाळची वेळ उत्तम. रस्ते चढ-उताराचे आहेत. काठी वापरणाऱ्यांनी उतरताना घाई करू नये आणि सोबत्याने त्यांच्या पुढे एक पाऊल राहावे. तोल गेल्यास माणूस उताराच्या दिशेने जातो. जुन्या पिढीच्या तोंडी ‘राजापुरी पंचा’ हा शब्द अजूनही असतो. पातळ सुती विणीचा पंचा पाणी चटकन टिपतो आणि लवकर वाळतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे अंग पुसण्यासाठी जाड टर्किश टॉवेलपेक्षा तो अधिक सोयीचा ठरतो, हे शुश्रूषा करणाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असेल.

उन्हाळे : दोन प्रकारचे पाणी

उन्हाळे गावात दोन वेगवेगळी जलस्थाने आहेत. यात्रेकरू पुष्कळदा त्यांची गल्लत करतात, म्हणून थोडे सविस्तर सांगते.

पहिले स्थान गरम पाण्याच्या झऱ्याचे. हा झरा बारमाही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात आरवली, तुरळ, राजवाडी, उन्हवरे अशा अनेक ठिकाणी असे झरे आढळतात. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांतून खोल जाते, तेथील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. त्यात खनिजे विरघळलेली असल्याने त्याला गंधकासारखा वास येतो. अशा पाण्याने सांधे मोकळे झाल्यासारखे वाटतात. ऊब मिळाल्यावर स्नायू सैलावतात, हे खरेच आहे. त्याने संधिवात बरा होतो, असे मात्र समजू नये आणि चालू औषधे थांबवू नयेत.

दुसरे स्थान गंगेचे. येथे फरसबंद आवारात १४ कुंडे आहेत. वडाजवळची मूळ गंगा आणि गोमुख असलेले काशीकुंड ही त्यांतील मुख्य. गंगा आली की ही कुंडे भरून वाहू लागतात. गेली की कोरडी पडतात. साधारणपणे तीन वर्षांनी येऊन दोन-तीन महिने राहण्याचा तिचा परिपाठ सांगितला जातो. अलीकडच्या काळात हे वेळापत्रक बरेच बदलले आहे. कधी ती लवकर येते, कधी मुक्काम लांबवते. भूगर्भातील पोकळीत पाणी हळूहळू साठते, वाकड्या नळीसारख्या वाटेच्या माथ्यापर्यंत पोहोचले की एकदम वाहू लागते आणि पातळी उतरली की थांबते, अशी त्याची उपपत्ती अभ्यासक मांडतात. श्रद्धाळू मनाला या उपपत्तीने बाध येण्याचे कारण नाही. अवचित येणाऱ्या पाहुण्याला ‘राजापूरची गंगा’ म्हणण्याची आमच्या घरी रीतच आहे.

आम्ही गेलो तेव्हा गंगा आलेली नव्हती. कुंडांच्या तळाशी वाळलेली पाने होती आणि आवारात पूर्ण शांतता होती. संध्याकाळी आजीला दूरध्वनी केला. तिचा पहिला प्रश्न, ‘गंगा आहे का गं?’ नाही म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘मग पुढच्या खेपेला.’ तीन वर्षांचा फेरा विशीतल्या माणसाला जवळचा वाटतो. ७८ व्या वर्षी त्याचा हिशेब वेगळा असतो. त्या रात्री मी माझ्या टिपणात एक ओळ वाढवली : गंगेसाठी थांबायचे नाही, झरा बारमाही आहे, धूतपापेश्वर बारमाही आहे, आजीला त्यांच्यासाठी आणायचे.

गरम पाण्याच्या स्नानाविषयी मात्र सावधगिरी हवी. उष्ण पाण्यात बसल्यावर त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांत तो अधिक उतरू शकतो. अशा वेळी झटकन उभे राहिल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते आणि ओल्या दगडावर पडण्याचा धोका संभवतो. म्हणून पुढील गोष्टी पाळाव्यात :

– हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा उघडी जखम असल्यास डॉक्टरांना विचारल्याखेरीज पाण्यात उतरू नये.

– मधुमेहाने पायांची संवेदना कमी झालेली असल्यास पाणी किती गरम आहे, हे पायाला कळत नाही. ते सोबत्याने आपल्या कोपराने पाहावे.

– पाच-सात मिनिटे पुरेत. एकट्याने स्नान करू नये. बाहेर येताना आधी बसावे, मग उभे राहावे.

– स्नानापूर्वी पोटभर जेवण नको. तसेच पूर्ण उपाशीही नको. नंतर घोट घोट साधे पाणी प्यावे.

पायऱ्या उतरणे शक्य नसल्यास तांब्याने पाणी आणून पाय धुतले तरी स्नानाचे समाधान मिळते. शास्त्रानेही अशक्तांसाठी प्रोक्षणाची सवलत ठेवलेली आहे. कुंडांतील पाण्यात शेकडो माणसे स्नान करतात. ते पिऊ नये. डोळ्यांना लावून नमस्कार करावा.

धूतपापेश्वर

शहरापासून जवळच असलेल्या धोपेश्वर गावी धूतपापेश्वराचे प्राचीन देवस्थान आहे. देवळाजवळूनच मृडानी नदी खडकावरून झेप घेते. आधी उन्हाळ्याच्या झऱ्यावर स्नान, मग गंगेचे स्नान आणि त्यानंतर गंगेच्या पाण्याने धूतपापेश्वराला अभिषेक, असा यात्रेचा जुना क्रम आहे. पूर्वी तो पायी पार पाडत. ज्येष्ठांनी हा क्रम एकाच दिवशी पूर्ण करण्याचा अट्टहास करू नये. पहिल्या दिवशी स्नान, दुसऱ्या दिवशी दर्शन, अशी विभागणी केली तर देहाला त्रास होत नाही आणि यात्राही पुरी होते.

पावसानंतर, म्हणजे आश्विन–कार्तिकात, धबधब्याला भरपूर पाणी असते आणि हवाही सुखद असते. तथापि त्या दिवसांत जांभ्या दगडावर शेवाळ राहते. हा दगड कोरडा असताना खरखरीत असतो आणि पाय धरतो. शेवाळले की तो अत्यंत निसरडा होतो. देवळात अनवाणी जावे लागते, म्हणून मधुमेहींनी परतल्यावर तळपाय उजेडात तपासावेत. बारीक खरचटलेले दुखत नाही आणि तेच पुढे चिघळते.

आम्ही दर्शनानंतर तासभर नुसत्या बसून राहिलो. परिषदेत दोन दिवस अखंड बोलणे ऐकल्यानंतर पाण्याचा एकच आवाज कानाला बरा वाटला. वृद्ध माणसांना फिरवायला नेतो तेव्हा आपण त्यांना फार ठिकाणे दाखवतो आणि एका जागी बसू देत नाही. राजापूरला नेताना दिवसाला एकच ठिकाण ठरवावे आणि तेथे बसण्यासाठी वेळ राखावा. हलकी घडीची खुर्ची गाडीत टाकली तर फार उपयोगी पडते.

पानात काय वाढले

परिषदेतील न्याहारी आणि जेवण एका घरगुती खानावळीतून येत असे. मोकळ्या दोन्ही दिवशी आम्ही त्या खानावळीतच जाऊन जेवलो. पहिल्या सकाळी घावन आणि ओल्या खोबऱ्याची चटणी होती. दुसऱ्या दिवशी आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, बांगड्याचे तिखले आणि सोलकढी. एका रात्री थकून आलेल्या आम्हाला काकूंनी मऊ भात, वर साजूक तूप आणि मेतकूट वाढले. त्या जेवणाची चव अजून जिभेवर आहे.

आजीला काय चालेल, हे मी काकूंना विचारले. त्यांनी हसून सांगितले, ‘आजीला घेऊन ये गो, पण दुपारची नको. सकाळच्या पारी आण. सडा तापला की पाय ठेववत नाही. आणि आदल्या दिवशी सांग, म्हणजे तिखट वेगळे करीन.’ आगाऊ कळवले तर कोकणातील घरगुती खानावळीत असा वेगळा वाढा आनंदाने होतो. प्रवासात ज्येष्ठांचे पोट बिघडण्याचे एक कारण अनोळखी तिखट-तेल हे असते. ते या एका निरोपाने टळू शकते.

कोकणी जेवणातील बरेच पदार्थ वृद्धांना मानवणारे आहेत. कुळथाची पिठी पातळ, ऊन आणि प्रथिनयुक्त असते. कवळी नसली तरी भातात कालवून खाता येते. घावन मऊ असतो. मऊ भात आजारातून उठलेल्यालाही पचतो. काळ्या वाटाण्याची साल मात्र जाड असते. तो नीट शिजवून, थोडा घोटून घ्यावा आणि रात्री टाळावा. मासे पौष्टिक खरे, परंतु दृष्टी मंदावलेल्या माणसाला काटे दिसत नाहीत. उजेडात बसून, घरच्या कोणी तरी काटे काढून द्यावेत.

तीन गोष्टींबाबत विशेष लक्ष हवे. कोकमाचे आगळ मीठ घालून टिकवलेले असते, तेव्हा सोलकढीतील मीठ रक्तदाब असलेल्यांनी हिशेबात धरावे. सुके मासे, लोणची आणि पापड यांचेही तसेच. कोकम सरबत, आंबा व उकडीचे मोदक मधुमेहींनी चवीपुरते घ्यावेत आणि त्या जेवणातील भात तेवढा कमी करावा. शहाळ्याचे पाणी निरोगी माणसाला उत्तम. परंतु त्यात पोटॅशियम पुष्कळ असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज घेऊ नये. रक्तदाबाच्या काही औषधांनीही शरीरातील पोटॅशियम वाढते, म्हणून आपली औषधे त्यांत मोडतात का, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

सड्यावरची चित्रे आणि कशेळीचा सूर्य

शेवटच्या दिवशी आम्ही तालुक्याच्या पश्चिमेकडे गेलो. कोकणातील डोंगरमाथ्यावरच्या जांभ्याच्या सपाट पठाराला सडा म्हणतात. या सड्यांवर प्राचीन माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. बारसू येथे दोन वाघांच्या मध्ये उभा असलेला माणूस कोरला आहे. कशेळी येथे सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती असून त्याच्या आकृतीच्या आत अनेक लहान प्राणी कोरलेले आहेत. देवीहसोळ, देवाचे गोठणे आणि रुंढे तळी येथील शिल्पेही राजापूर तालुक्यातीलच. २०२२ मध्ये कोकणातील या शिल्पांचा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला.

सड्यावर झाड नसते, सावली नसते. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच तेथे जावे; तिरप्या उन्हात कोरीव रेषाही अधिक स्पष्ट दिसतात. ज्यांना ओबडधोबड कातळावर चालणे जमणार नाही, त्यांनी गाडीतच थांबावे. तरुणांनी छायाचित्रे काढून आणावीत आणि ती दाखवताना घाई करू नये. मी काढलेला हत्ती आजीने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि त्याच्या पोटातील प्राणी एकेक करून मोजले.

कशेळीचे कनकादित्य मंदिर मात्र ज्येष्ठांनी स्वतः पाहावे. सूर्याची मंदिरे महाराष्ट्रात मोजकीच आहेत. सौराष्ट्रातून मूर्ती घेऊन जाणारे गलबत येथील समुद्रात अडले, मूर्ती किनाऱ्यावरील देवघळीत ठेवली गेली आणि कनका नावाच्या भक्त स्त्रीने तिची गावात स्थापना करवली, अशी कथा आहे. शिलाहार राजा दुसरा भोज याचा ११९१ सालचा ताम्रपट या देवस्थानाच्या प्राचीनतेची साक्ष देतो. माघातील रथसप्तमीला येथे मोठा उत्सव असतो. गर्दी सोसत नसेल तर उत्सव संपल्यावर आठ दिवसांनी जावे. तेव्हा ऊन अजून कोवळे असते आणि देवळात निवांत बसता येते. वाटेवर आडिवऱ्याच्या महाकालीचेही दर्शन होते.

निघण्यापूर्वी

रेल्वेने यायचे असल्यास राजापूर रोड स्थानक शहरापासून बरेच दूर आहे, हे लक्षात ठेवून पुढचे वाहन आधी ठरवावे. एस.टी.ने येणाऱ्यांसाठी ७५ वर्षे पूर्ण झालेल्या नागरिकांना २०२२ पासून मोफत प्रवासाची योजना आहे. ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते आणि २०२३ पासून सर्व महिलांनाही तिकिटात निम्मी सवलत आहे. वयाचा पुरावा जवळ असावा. स्वतःच्या गाडीने येताना दर दीड तासाने उतरून पाच मिनिटे चालावे. फार वेळ पाय लोंबते ठेवून बसल्याने ते सुजतात.

स्वच्छतागृहाच्या काळजीने अनेक वृद्ध स्त्रिया प्रवासात पाणीच पीत नाहीत, किंवा लघवीची गोळी परस्पर चुकवतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. गोळीची वेळ प्रवासाप्रमाणे बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे आणि थांबण्याच्या जागा आधी ठरवाव्यात. औषधे दोन दिवस पुरतील त्याहून अधिक घ्यावीत आणि ती सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत. त्याच पिशवीत औषधांच्या चिठ्ठीची प्रत असावी. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक सर्वांच्या दूरध्वनीत नोंदवावा.

घरी आल्यावर हे टिपण मी वडिलांपुढे ठेवले. ‘तिला झेपेल का?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. आजीच्या डॉक्टरांनी झऱ्यात बसण्यास मनाई केली, पाय धुण्यास परवानगी दिली आणि मुक्काम किमान तीन दिवसांचा ठेवा, असे सांगितले. आजीने सर्व अटी मान्य केल्या आणि एक अट स्वतःची घातली : गंगा नसली तरी कोरडी कुंडे तिला पाहायची आहेत. रथसप्तमीनंतरच्या आठवड्यात निघायचे ठरले आहे. खानावळीच्या काकूंना कमी तिखटाचा निरोप गेला आहे.